कावळ्याला शब्द दिलाय

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे नितेश, या जमान्यात केबल कशाला ठेवलीस?" कशाला म्हणजे? हौस आहे मला? तुम्हाला सांगतो, भांडुपला आमची सात मजल्यांची बिल्डिंग, एकेक करून सगळ्यांनी केबल तोडली, जिन्यात लोंबणाऱ्या त्या काळ्या वायरी गेल्या, आता एकच उरलीय. गच्चीवरून खाली येते आणि थेट आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीतून आत शिरते. ती माझी! आणि मी ती तोडू शकत नाही. का? कावळ्याला शब्द दिलाय!

हसा, हसा. मी पण हसायचो.

आमचे बाबा, सीताराम. आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर मरोळला एका कंपनीत वॉचमन, आणि रिटायर झाल्यावर फुल टाइम क्रिकेट! आतल्या खोलीत त्यांची खाट, समोर टीव्ही, टीव्हीला केबल. आणि बाहेर हॉलमध्ये मी, मॉडर्न माणूस, मोठ्या टीव्हीवर ॲप लावून. आता ॲपचं एक दुःख आहे, ते कोणी जाहिरातीत सांगत नाही... ते मागे असतं! केबलवर बॉल पडून गेला, अंपायरने बोट वर केलं, बॅट्समन हेल्मेट काढून घरी निघाला, तरी ॲपवर तो अजून स्टान्स घेतोय! बरं वाटतं का सांगा? माझा बॉलर इकडे नुसता वळलाय, आणि आतून बाबा, "दांडी गुल्लऽऽ!" कॅच असो, रनआउट असो, बाबांसाठी सगळी दांडी गुल्लच. झालं! माझा सस्पेन्स गेला चुलीत. मी ओरडायचो, "बाबा, हळू!" तर आतून, "तुझी मॅच शिळी आसा रे!"

मी खूप समजावलं हो. म्हटलं बाबा, केबलवाला काय करतो, दोन स्पोर्ट्स चॅनल हवेत तर गळ्यात भोजपुरी घालतो, प्रवचनं घालतो, दिवसभर मिक्सर विकणारा तो एक चॅनल असतो तोही घालतो. तर बाबा म्हणाले, "आणि तुझा?" आता माझं काय सांगू... क्रिकेट एका ॲपवर, फुटबॉल दुसऱ्या, कबड्डी तिसऱ्या, आणि पुढच्या सीझनला ह्या ॲपने त्या ॲपला गिळलेलं, पासवर्ड परत नवीन, आणि ऐन शेवटच्या ओव्हरला स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र! बाबांनी निकाल दिला, "मी आसय तोपर्यंत केबल तोडूची नाय." मी म्हटलं बरं.

गेले. मॅच नसलेल्या दिवशी गेले, तेवढं सभ्य होते.

दहाव्याला तलावाकाठी पिंड ठेवला. कावळे? झाड भरून! एक शिवेल तर शपथ! भाऊराव काका म्हणाले, "इच्छा राहिली असेल, बोल काहीतरी." मी हात जोडले, आईला सांभाळीन! कावळा ढिम्म. गावचं घर विकणार नाही! ढिम्म. दरवर्षी गणपतीला जाईन! एकाने पाठ फिरवली. भटजींनी घड्याळ बघितलं, "दर्भाचा कावळा करून शिवून टाकायचा का? मला पुढे मुलुंडला जायचंय." तेवढ्यात माझी बायको, श्रुतिका, हळूच म्हणते, "अहो... केबल?" मी ओरडलो, "बाबा, केबल तोडणार नाही! सगळ्या स्पोर्ट्स चॅनलसकट!" अहो, वाक्य पुरं व्हायच्या आत फडफड झाली आणि पिंडाला चोच! भटजी म्हणाले, "झकास."

म्हणजे मी कायमचा अडकलो. कावळ्याला शब्द दिलाय!

चला, ते पण ठीक. आता पुढचं ऐका. बाबांनंतरची पहिली मॅच. मी हॉलमध्ये, हातात चहा, माझा बॉलर रन-अपच्या टोकाला... आणि आतून, "दांडी गुल्लऽऽ!" चहा लेंग्यावर! धावत गेलो. टीव्ही चालू, खाट रिकामी, आणि खाटेच्या पायाशी जमिनीवर बसलेली आमची आई. रुक्मिणी! जिने आयुष्यभर क्रिकेटला "दांडक्यांचो खेळ" म्हटलं, जी मॅच असली की मुद्दाम कुकर लावायची! तीच ओरडत होती, बाबांच्या सुरात. मी म्हटलं, खाटेवर बस ना गं. तर म्हणते, "तेंका पाय पसरूक लागतत."

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला.

मग प्रत्येक मॅचला तेच. आई दिवसभर त्या टीव्हीसमोर, खाटेवर कुणाला बसू देईना, चादर मात्र रोज झटकायची. श्रुतिका म्हणाली, हे बरं नाही, त्या अशाने बाहेर नाही यायच्या. मलाही पटलं. भीती वाटत होती हो मला, आई पण जाईल अशी, तिकडेच, त्या खोलीत बसल्या बसल्या. आणि कावळ्याचं काय? म्हटलं, कावळ्याचं बघू! केतनला बोलावलं, आमचा केबलवाला. तो बिचारा, "साहेब, या बिल्डिंगमध्ये तुम्ही शेवटचे!" वायर कापली, बॉक्स उचलून नेला. संध्याकाळी खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला. तोच! कावळे सगळे सारखे दिसतात म्हणतात. मला ओळखू येतो.

मग रविवार, दुपारची मॅच. समोरचा बॅट्समन काही केल्या आउट होईना, आमची वाट लागलेली. आतल्या खोलीत टीव्ही काळा ठिक्कर, बॉक्सच्या जागी धुळीचा चौकोन, आणि आई तशीच खाटेच्या पायाशी. घर कसं शांत! बघा, मला हेच हवं होतं ना? इतकी वर्षं? आता मिळालं, तर मॅचमध्ये लक्षच लागेना. कान आपले आतल्या खोलीकडे. बाबांची आठवण आली हो, सरळ सांगतो, अगदी भडभडून आली.

आणि माझा बॉलर अजून पॅंटला बॉल घासतोय, तेवढ्यात आतून...

"दांडी गुल्लऽऽ!"

श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे. बॉलर वळला, धावला, टाकला... आणि मधला स्टंप हवेत!

शेजाऱ्यांचं ऐकलं असेल? अहो, अख्ख्या बिल्डिंगमध्ये ॲप, सगळे माझ्याइतकेच शिळे! मोबाइल? आईला फोन उचलता येत नाही धड! मी आत गेलो, म्हटलं, "आई... तुला कसं कळलं गं?"

आई शांतपणे म्हणाली, "माका काय कळता त्या खेळातला? तेंनी सांगल्यानी."

ग्रिलवर कावळा. माझ्याकडेच बघत.

भीती वाटायला हवी ना? वाटते. पण त्या दिवशी हॉलमध्ये ती शांतता होती ना, तिची जास्त वाटली होती. तिथल्या तिथे केतनला फोन लावला, म्हटलं बाबा रे, ये, परत जोड. तो खूश! "जोडतो साहेब, पण पॅक कुठला टाकू? स्पोर्ट्सचा छोटा की सगळा मोठा?" आता छोट्यात आमचं भागतं, भोजपुरी कोण बघणार आहे घरात? मी छोटा म्हणणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "आई... विचार ना जरा त्यांना."

आई खाटेकडे वळली. थोडा वेळ गेला, ॲपला लागतो तेवढा.

"मोठो, म्हणतत."

घेतला मोठा. काय करता?