कांद्याचा खंड

नाही नाही, त्या उशीवर नको बसूस, ती कुत्र्याची आहे — ही घे, ही स्वच्छ आहे, म्हणजे त्यातल्या त्यात. हं, आता विचार, वकीलबाई. पुन्हा तेच? 'आजी, वीस वर्षं तो माणूस तुमचं शेत कसत होता, मग तुम्ही बोलला का नाहीत?' अगं, मघाशी सांगितलं ना, गुडघे दुखत होते. न्यायाधीश हसतील? हसू देत. त्यांचे दुखायला लागले की कळेल.

बरं, नीट सांगते. शेत आमचंच. सरकारदप्तरी अजून माझ्या नवऱ्याचं, पिलदूचं नाव आहे — तो जाऊन इतकी वर्षं झाली की स्वर्गात आता जुना माणूस म्हणून पुढच्या रांगेत बसवत असतील. गेला असेल तर हं. पीत होता ते बघता मला शंकाच आहे. माझं नाव लावायचं राहिलं. का राहिलं म्हणजे? राहिलं! मुआनच्या सरकारी कचेरीत बसने जा, रांगेत उभी राहा, कारकून म्हणणार हा कागद नाही, तो कागद नाही — आणि समुद्राकडच्या चढावरचा लाल मातीचा तुकडा, तो काय पळून जाणार होता? आता कळलं, जागच्या जागी राहूनही जमीन जाते. शेजारचा मानसॉप गेला आणि त्याच्या पोराने, त्या ग्यूचॉलने, दावा ठोकला — बाप वीस वर्षांच्या वर मालक म्हणून कसत होता, कोणी चकार शब्द काढला नाही, आता शेत आमच्या नावावर करा. त्याला तिथे उन्हाची वीज करणाऱ्या काचा लावायच्यात. म्हणजे मी कोणाची चप्पल वीस वर्षं घालून फिरले तर चप्पल माझी? काय? चपलेला दहाच वर्षं पुरतात? धन्य आहे तुमच्या कायद्याची!

मानसॉप चोर नव्हता पण. ते लिही. पिलदू गेल्यावर पुढच्या शरद ऋतूत सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला — बघते तर हा बाबा आमच्या शेतात! मी कोयता घेऊन धावले. खरंच कोयता, हसतेस काय. म्हटलं, 'मानसॉप, तुझं डोकं फिरलंय का? हे शेत कोणाचं?' तर म्हणतो कसा, 'तुझंच. पडीक दिसलं की डोळ्यांत खुपतं, म्हणून कांदा लावतोय. मालकीण तू, मी खंडकरी.' आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिलं पोतं माझ्या ओसरीवर आणून आदळलं — 'मालकीणबाई, खंड घ्या!' दर वर्षी. एक वर्ष चुकवलं नाही. पोतं टाकायचं, ओसरीवर बसायचं, मी वाडगाभर तांदळाची दारू द्यायची, मग दोघांनी बसून कांद्याच्या मुळ्या छाटायच्या. गायचा सुद्धा. रेड्यासारखा. कुत्रं उठून जायचं, मी बसून राहायचे.

आणि मी — हे लिहू नकोस — मी त्या आठवड्यात केस कुरळे करून घ्यायचे. सलूनवालीने एकदा विचारलं, आजी, कुठे लग्न आहे का? म्हटलं, कांदे काढायचेत. सगळं सलून हसलं. त्याची बायको बोकनिम शेजारच्याच खुर्चीत होती, तीही हसली. तेव्हा तू सांग, मुआनला जाऊन नाव लावून घेतलं असतं, शेताला कुंपण घातलं असतं, तर तो कशाला आला असता? मी काय कुंपणाकडे खंड मागायचा होता?

थांब. काय लिहितेस एवढं भरभर? … खंड दिला म्हणजे तो मालक म्हणून कसत नव्हता? आणि खंडकरी कितीही वर्षं कसत राहिला तरी मालक होत नाही? म्हणजे — मी जिंकले? अगं, मग आधी नाही का सांगायचं! माझ्या तोंडून सांगितलं की झालं? शिवाय पोतं टाकताना बघणारा टपालवाला आहे, त्यालाही बोलावता येईल … कोर्टात. सगळ्यांसमोर. बोकनिमसमोर.

खोड ते. खोड म्हणते ना! तुला माहीत नाही, मानसॉपने घरी सांगितलं होतं की पिलदूने जाण्याआधी शेत त्याला विकलं, तोंडी. म्हणून तर त्या पोराला खरंच वाटतं आपलं आहे. मी खंडाचं बोलले की बोकनिम काय विचारेल? माझा नवरा मला वीस वर्षं खोटं का सांगत होता, एवढंच विचारेल. आणि काही झालं असतं ना पोरी, तर सांगितलंही असतं — तिने झिंज्या उपटल्या असत्या, मीही तिच्या उपटल्या असत्या, हिशेब मिटला असता. काहीच झालं नाही. नुसते बसायचो. ते कोणाला कसं सांगायचं? टेकडीवर त्याच्या थडग्यावरचं गवत ती एकटी उपटते. मी खालून शिंपल्यांची टोपली घेऊन जाते, वर बघतही नाही. हात लावायचा हक्क तिचा आहे, तेवढा तरी तिचा राहू दे.

शेत? जाऊ दे. लावू दे काचा. तू लिही, म्हातारीला काही आठवत नाही. तुझी मेहनत फुकट गेली, कळतंय मला, दोन माळा लसूण घेऊन जा. रडतेय? मी? काहीतरीच.

गप्प. फाटक वाजलं.

ये गं बोकनिम, ये! ही? ही विम्याची पोरगी, मला आता कोण विमा देतंय, निघालीच होती. पत्ते आणलेस ना? आज तू वाट, काल मी वाटले. — आणि तू गं, जाताना फाटक ओढून घे.