बागेतल्या गवताचा लिलाव

“म्हैस आत जाती आन् माझी नात न्हाई? आप्पा, ही बाग हाय का गोठा?”

बागकमिटीच्या आप्पांना मी फाटकातच धरलं होतं. आत दौंडच्या बाजारातून आणलेली माझी म्हैस निवांत चरत होती. बाहेर माझी नात आणि गल्लीतली पोरं आतल्या गवतापलीकडच्या नव्या झोपाळ्याकडे बघत रडकुंडीला आली होती.

आप्पा म्हणाले, “आक्का, म्हशीचा हक्क हाय. लिलावात गवत तुम्हीच घेतलंय. पोरांनी तुडवलं तर पुढच्या साली बोली कोण लावंल?”

“बोली कशाला पाहिजे?”

“माळ्याचा पगार त्यातनंच निघतो.”

“आन् माळी कशाला?”

“पोरांना गवतावरनं हाकलायला.”

शेजारी उभ्या माळ्यानं मान डोलावली. आता अशा माणसांशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा. तरी मी म्हटलं, “गवत माझं हाय ना? मग तुडवू द्या पोरांना.”

“तुमचं हाय ते म्हशीला चारण्यापुरतं. पोरांनी तुडवायला न्हाई घेतलं तुम्ही.”

“आन् म्हैस तुडवती ते?”

“ती खाता खाता चालती. त्याला कमिटीकडं इलाज न्हाई.”

मी आत गेले, म्हशीला फाटकाशी आणलं, नातीला उचलून तिच्या पाठीवर बसवलं आणि आप्पांना म्हणाले, “आता एकेक पोरगं म्हशीवर बसून झोपाळ्यापर्यंत जाईल, आन् तुडवायचं ते म्हैस तुडवील.”