टेकडीवर चढलेलं घर

ओहायो नदीकाठच्या त्या लहान शहरात, पोस्टाच्या रांगेत, पुढच्या दोन वृद्ध बायकांचे बोलणे लोरेटाच्या कानांवर पडत होते.

“इतिहास मंडळाची पितळी पाटी समोरच्या मॅक्सीनच्या घराला! आमचं घर तिच्या घराहून जुनं आहे.”

“पण अर्लीन, तुमचं घर मूळचं नदीकाठचं ना? पाटी जागेवरून न हललेल्या घरालाच मिळते.”

“पुरानंतर माझ्या पणजोबांनी बैल जुंपून, ओंडक्यांवरून टेकडीवर चढवलं ते! तिचं नुसतं बसून राहिलं. बसून राहण्याचं कसलं गं कौतुक?”

“मग रविवारी पाटीच्या समारंभाला जाणार नाहीस?”

“जाणार तर! तिच्या अंगणाला उतार आहे, म्हणून खुर्च्या समोर माझ्याच अंगणात मांडायच्यात. आणि मी त्या सगळ्या आमच्या घराकडे तोंड करून मांडणार आहे.”