टेकायची भिंत

टेका की मागं, बिनधास्त. ही भिंत टेकायलाच रंगवलीय.

आमचे वडील, अण्णा, देवगाव रंगारीहून येतात ते डोक्याला खोबरेल चोपडून, आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसतात. धाकट्या भावानं नवं घर रंगवलं तेव्हा तो त्यांना म्हणाला, "अण्णा, भिंतीला डाग पडतो." तेव्हापासून ते माझ्याकडंही खोलीच्या मधोमध ताठ बसायचे आणि पाठ दुखायला लागली की संध्याकाळची एसटी धरायचे.

यंदा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराला रंग द्यायचं ठरलं. पेंटर म्हणाला, "वहिनी, मॅट घ्या, बिनचमकीचा. सध्या लई चालतो." माझ्या बायकोनं, सुजातानं, भिंतीवर तीन नमुने मारून घेतले. वाळल्यावर मला म्हणाली, "अहो, डोक्याला तेल लावा आणि तिन्हींना टेका."

"मी?"

"मग काय पेंटरला टेकवू?"

टेकलो. दुसऱ्या दिवशी तिनं रिठ्याच्या पाण्यात फडकं भिजवून डाग पुसले. मॅटवरचा हलला नाय. पिस्ता रंगाच्या, जरा तुकतुकीत सॅटिनवरचा साफ निघाला. "हाच द्या," म्हणाली.

रंग झाल्यावर अण्णा आले आणि सवयीनं मधोमध बसले.

"मामा, टेका की," सुजाता सासऱ्यांना म्हणाली.

"नको बाई, नवा रंग आहे."

ती आत गेली, केसांना तेल चोपडून आली आणि त्यांच्यासमोर भिंतीला डोकं टेकून बसली. कोऱ्या भिंतीवर पहिला डाग तिनंच पाडला.

अण्णा हळूच मागं सरकले. त्या दिवशी संध्याकाळची एसटी त्यांच्याशिवायच गेली.