तापीच्या मागोमाग

शनवारा चौकातल्या थांब्यावर रश्मी भुसावळच्या बसची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिला बसवून द्यायला आलेली भाची बोलत होत्या.

“मालूआत्या, समुद्रच पाहायचा तुले, तर सीधी सुरतची गाडी धर ना.”

“असा एकदम पाहिला तर तो ओळखीचा कसा होईल? मी तापीच्या मागंमागं जाते. दर साली तापीजयंतीले एक घाट पुढं. दिवा सोडते, तो वळणाआड गेला की वाटतं, आपुनच वाहतोय. मग घरी येते.”

“मागच्या साली कुठं गेलती?”

“चांगदेवले. औंदा भुसावळ.”

“अशानं समुद्र कधी येईल?”

“येईल निवांत. केळीच्या कामातून सालाचा एक दिवस निघतो, तेवढंच धरलंय मी.”

“आणि गुडघे थकले तर?”

“तर माझी राख तुम्ही तापीतच सोडाल ना? पुढचं तीच नेईल.”

बस लागली, रश्मी चढून खिडकीशी बसली. मागून त्याच भाचीचा आवाज आला.

“कंडक्टरभाऊ, भुसावळ दोन द्या.”