आमच्या बँडची तिसरी कॅसेट

अंबरनाथला आमचा चर्चचा बँड होता. मी ड्रमवर, रूबेन गिटारवर. आमची पहिली कॅसेट चर्चमधल्या आजीबाईंना इतकी आवडली, की त्या ती लावून झोपायच्या. रूबेनला हे लागलं. दुसऱ्या कॅसेटमध्ये त्याने इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली, की पास्टर म्हणाले, "येशूला ऐकू येतं रे, ओरडू नका."

तिसऱ्या कॅसेटला आम्ही ढोलकी-ताशा घेतला आणि तिच्या काही प्रती उल्हासनगरच्या एका दुकानात विकायला ठेवल्या. ती ऐकून पास्टरांनी बँडच बंद करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात बदलापूरला रूबेनच्या कंपनीतल्या मित्राचं लग्न होतं. त्याने पास्टरांनाही बोलावलं होतं, म्हणून तेही आमच्यासोबत आले. वरात आली, तर टेम्पोवर आमचीच तिसरी कॅसेट, आणि सगळे "येशू आला" म्हणत नाचतायत.

रूबेन माझ्या कानात म्हणाला, "उल्हासनगरच्या दुकानवाल्या सेठने नाचायची गाणी म्हणून विकली वाटतं."

पास्टरांनी नाचणाऱ्या एका काकांना थांबवलं. "हे गाणं कसलं आहे, माहीत आहे का?"

"नाय बा," काका म्हणाले. "पण देवाचं हाय, एवढं कळतंय. या की तुमी पण."

पास्टरांनी चष्मा काढून रूबेनच्या हातात दिला आणि वरातीत शिरले.