काकूंची काठी

कानाच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर एक काकू होत्या, आणि त्यांना घेऊन आलेला, त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहणारा एक टकलू गृहस्थ.

"घाबरू नका काकू, साधी तपासणी असते."

"मी कशाला घाबरू? माझे कान चांगले तिखट आहेत."

"मग आठवडाभर छताला काठी का नाही ठोकलीत? रोज सॅक्सोफोन वाजवतोय मी. जॅझमध्ये एकाला लागून एक सगळे सूर घेत मुद्दाम पट्टीबाहेर जायचं असतं, आणि ऐटीत परत यायचं असतं."

"पट्टीबाहेर तर तू पहिल्या दिवसापासून आहेस."

"तेव्हा चुकून जायचो. आता मुद्दाम जातो."

"आम्हाला खाली फरक कसा कळायचा?"

"मलाही वर कळत नाही, म्हणून तर तुमची काठी लागते! काठी वाजली की समजायचं, गेलो बाहेर. थांबली की आलो घरी. शनिवारी क्लासचे सर सगळ्यांसमोर वाजवायला लावणार आहेत. तिथे मी काय करू?"

"मग काय, मी काठी घेऊन येऊ तिथे?"

"याल?"

"गप रे! सोमवारी उचलली होती मी काठी. पण म्हटलं, एवढ्या ऐटीत निघालाय, तर परत येईपर्यंत थांबू या."

"मग? आलो का मी?"

"अरे बाबा, अजून थांबलेच आहे."